जुन्या लाकडी होडीला खिळा कोणता मारावा?

जुनी लाकडी होडी दुरुस्तीला काढली की बंदरावर पहिला सल्ला मिळतो तो असा: "जुने खिळे सगळे उपट, स्टेनलेस मार, जन्माची कटकट मिटेल." सांगणारा भल्यासाठीच सांगतो आणि त्याचं म्हणणं अर्धं बरोबरही आहे. कठड्याला, केबिनच्या बिजागऱ्यांना, डेकवरच्या कड्यांना चांगलं स्टेनलेस वर्षानुवर्षं टिकतं. तोच स्क्रू पाण्याखालच्या फळीत, कायम ओल्या लाकडात गाडला गेला की मात्र मधूनच कुरतडला जाऊ शकतो. बाहेरून डोकं चकचकीत दिसतं आणि आत मान उरलेली नसते. लोखंडी खिळा निदान फळीवर तांबडे ओघळ सोडून सावध करतो. स्टेनलेस बहुतेक वेळा तेवढीही सूचना देत नाही.

कोकण किनाऱ्यावर आता नव्या होड्या बहुतेक फायबरच्या होतात. त्यामुळे सागाच्या फळ्यांची एखादी जुनी होडी कुणी जपायला घेतली, तर ती जपण्यासारखीच गोष्ट आहे. तसं लाकूड आणि ते बांधणारे हात दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. फळ्या धडधाकट असताना केवळ चुकीच्या खिळ्यांपायी होडी भंगारात जावी याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं. त्यासाठी थोडंसं रसायनशास्त्र समजून घ्यावं लागतं. सगळ्यात चांगला धातू कोणता, हे शोधण्याआधी आपल्या होडीत आधीपासून कोणता धातू आहे आणि नवा खिळा पाण्याच्या वर बसणार की खाली, हे ठरवलं पाहिजे. पुढचं सगळं विवेचन याच दोन प्रश्नांभोवती आहे.

खारं पाणी नेमकं काय करतं

लिंबात एक तांब्याची पट्टी आणि एक जस्ताचा खिळा खुपसून व्होल्टमीटर लावायचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी पाहिलेला असतो. होडीत हेच घडतं, फक्त लिंबाच्या जागी समुद्र असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि असं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोघांना हे पाणी लागलं, की त्यांची बॅटरी तयार होते. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो झिजत जातो, आणि त्याच्या झिजण्यावर दुसरा धातू सुरक्षित राहतो.

कोण झिजणार आणि कोण वाचणार हे आधीच सांगता येतं, कारण समुद्राच्या पाण्यात प्रत्येक धातूचा विद्युतदाब मोजलेला आहे. ठरावीक संदर्भाच्या तुलनेत जस्त सुमारे उणे 1.03 व्होल्टवर असतं. साधं पोलाद उणे 0.6 ते 0.7 च्या आसपास, तांबं उणे 0.35 च्या जवळ, सिलिकॉन ब्राँझ हा तांब्याचा मिश्रधातू उणे 0.26 ते 0.29. चांगल्या स्थितीतलं 316 जातीचं स्टेनलेस शून्य ते उणे 0.1 इतकं वर असतं. जो जास्त उणे, तो आधी झिजतो. दोघांमधलं अंतर साधारण 0.2 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर त्यांना पाण्याखाली एकत्र बसवू नये, असा व्यवहारात नियम धरतात. पोलाद आणि स्टेनलेस यांच्यातलं अंतर त्याच्या अडीच ते साडेतीनपट भरतं, हे वरच्या आकड्यांवरून दिसेलच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी कारागिरांच्याही नजरेतून सुटते: दोन्ही धातूंचं क्षेत्रफळ. झिजणारा धातू लहान आणि वाचणारा मोठा असेल तर नाश फार वेगाने होतो, कारण सगळा भार त्या एवढ्याशा तुकड्यावर येतो. ब्राँझच्या मोठ्या पट्टीत लोखंडी स्क्रू मारला तर तो स्क्रू लवकर संपतो. उलट लोखंडी पट्टीत ब्राँझचा स्क्रू मारला तर स्क्रूभोवती पट्टी थोडी जास्त गंजेल, पण स्क्रू शाबूत राहील. म्हणून धातूच्या पट्टीला किंवा कड्याला धरणारा स्क्रू त्याच धातूचा असावा, किंवा त्याच्यापेक्षा कमी झिजणारा. उलटं कधीही नको.

हे ज्ञान माणसाने समुद्रावर किंमत मोजून मिळवलं आहे. लाकडाला किडा आणि शेवाळ लागू नये म्हणून ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, आणि ठोकले लोखंडी खिळ्यांनी. वेस्ट इंडीजची सफर करून नौका परत आल्यावर तपासणी झाली, तेव्हा बरेच खिळे खाऊन गेले होते आणि पत्रे सुटले होते. काही खिळे मात्र चांगले होते. शोध घेतल्यावर कळलं की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये अडकून राहिला होता. विजेचं शास्त्र तेव्हा पाळण्यात होतं, व्होल्टाची बॅटरी यायला अजून चाळीस वर्षं होती. तरी तपासणी करणाऱ्यांनी निष्कर्ष बरोबर काढला: लोखंड आणि तांबं एकमेकांना लागू देऊ नका. पुढे मोठ्या जहाजांच्या पाण्याखालच्या भागात लोखंडी बोल्टऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट यायला 1780 चं दशक उजाडलं. आज एखाद्या कड्याखाली आपण प्लॅस्टिकचं वायसर किंवा रबराचा तुकडा घालतो, तेव्हा त्या तपकिरी कागदाचंच काम करत असतो.

खिळ्याबरोबर लाकूडही जातं

गंजाची चर्चा सगळी धातूवरच होते, पण लाकडी होडीत खरं नुकसान लाकडाचं होतं. खिळा बदलता येतो, खिळ्याभोवती कुजलेली बरगडी, म्हणजे फळ्या आतून धरणारं वाकडं लाकूड, बदलणं हे महिन्याचं काम होऊन बसतं.

लोखंड ओल्या लाकडात गंजतं तेव्हा तिथे लोहाचे क्षार तयार होतात आणि खिळ्याच्या आतल्या टोकाकडे आम्ल साठतं. हे आम्ल लाकडातला सेल्युलोज तोडतं. त्याच वेळी जिथे खिळ्याचा भाग झिजण्याऐवजी वाचत असतो, तिथे ऑक्सिजन आणि पाण्यापासून अल्कली बनते, आणि ती लाकडाला घट्ट बांधून ठेवणारं लिग्निन विरघळवते. म्हणजे एकाच खिळ्याभोवती एकीकडे आम्ल आणि एकीकडे अल्कली, आणि दोन्ही मिळून लाकूड पोखरतात. बोटाच्या नखाने खरवडलं तरी निघेल असं काळं, मऊ लाकूड खिळ्याभोवती दिसतं ते यामुळे. भरीला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फळी खिळ्याच्या रेषेत चिरते आणि त्या चिरेतून आणखी पाणी आत जातं.

लाकडाच्या जातीनुसार यात फरक पडतो. ओक आम्लधर्मी आणि टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, भरलेला असतो. त्यात लोखंड लवकर गंजतं आणि लाकूड निळं-काळं पडतं. आपल्याकडे बाभूळ आणि ऐन यांच्यातही टॅनिन भरपूर असतं, त्यांच्या साली चामडं कमावायला वापरतात त्या याच कारणाने. साग या बाबतीत फार समजूतदार आहे. त्याच्या अंगच्या तेलामुळे पाणी आत कमी शिरतं आणि लोखंडाशी त्याचं जमतं. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांना ब्रिटिश आरमारात मान होता, त्यामागे हेही एक कारण होतं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती अजूनही तरंगते आहे. तुमच्या होडीच्या फळ्या सागाच्या आणि बरगड्या बाभळीच्या असतील, तर एकच खिळा दोन वेगळ्या स्वभावाच्या लाकडांतून जातो आहे हे ध्यानात ठेवा. फळीतला भाग चांगला आणि बरगडीतला खलास, असं चित्र वारंवार दिसतं.

खिळ्याशिवाय बांधणी हाही एक जुना, पक्का मार्ग होता. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून त्यावर राळ आणि तेल लावलेल्या नौका अरबी समुद्रात शतकानुशतकं फिरल्या. अजिंठ्याच्या एका चित्रावरून प्रेरणा घेऊन गोव्यात अशीच शिवलेली नौका अलीकडे बांधली गेली आणि मे 2025 मध्ये 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. शिवलेल्या नौकेला दोऱ्यांची निगा ठेवावी लागते, गंजाची काळजी मात्र मुळातच नसते.

कुठला धातू कुठे

आपल्या मासेमारी होड्यांमध्ये परंपरेने लोखंडी खिळे असतात: आरपार ठोकायचे आणि आतून निघालेलं टोक वाकवून बसवायचं. याला कमी लेखायचं कारण नाही. जाड लोखंडी खिळा समुद्राच्या पाण्यात उघडा राहिला तर साधारण वर्षाला एक दशांश मिलिमीटर दराने झिजतो, आणि तेलकट सागात नीट झाकलेला असेल तर त्याहून सावकाश. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांच्या बांधणीत खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेल्या कापसाचा पीळ गुंडाळून मग खिळा ठोकत. पाणी खिळ्याच्या वाटेने आत उतरू नये याची ती तजवीज होती आणि आजही ती तितकीच उपयोगी आहे.

लोखंडावर जस्त चढवलं की त्याचं आयुष्य वाढतं, पण जस्त चढवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दुकानात दोन्हींना सर्रास जीआय म्हणतात. एक, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला खिळा. त्याला हॉट डिप म्हणतात. त्याचा रंग राखाडी, अंग थोडं खडबडीत, आणि जस्ताचा थर साधारण 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा जास्त. दुसरा विजेने मुलामा दिलेला, चकचकीत, कधी निळसर किंवा पिवळसर झाक असलेला. याचा थर 5 ते 12 मायक्रॉनचा असतो आणि खाऱ्या पाण्यात तो लवकरच संपतो. होडीसाठी फक्त पहिला घ्यायचा. तोही ठोकताना डोक्यावरचं जस्त उडतं, म्हणून ठोकल्यावर डोकं झिंकच्या प्राइमरने झाकून वर लांबी (पुट्टी) भरायची.

पितळेबद्दल माझं मत ठाम आहे: पाण्याखाली पितळेचा एकही स्क्रू नको. देवघरातल्या पितळेवर आपला विश्वास असतो, तीवर कळंक चढला तरी ती घासून पुन्हा लखलखते. समुद्रात मात्र पितळेतलं जस्त निवडून निवडून विरघळतं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. स्क्रूचा आकार तसाच राहतो, आटेही दिसतात, पण फिरवायला गेलं की तो बिस्किटासारखा तुटतो. तुटलेली जागा पिवळी असायला हवी ती गुलाबी दिसते. जुन्या होडीतून काढलेल्या पितळी स्क्रूला कानस मारून आतला रंग बघा, गुलाबी असेल तर त्याचे सगळे भाऊबंद बदलायचे. केबिनच्या आत, कोरड्या जागी, दिव्याच्या पट्टीला वगैरे पितळ खुशाल वापरा.

तांबं मऊ असतं, ताण फार सहन करत नाही, पण समुद्रात ते फार सावकाश झिजतं. पातळ फळ्यांच्या हलक्या होडीला तांब्याचे चौकोनी खिळे आणि आतून तांब्याची चकती घालून टोक हातोडीने पसरवण्याची पद्धत उत्तम आहे. ही जोडणी होडी हलताना थोडी लवते आणि त्यामुळे लाकूड फाटत नाही.

पाण्याखालच्या लाकडासाठी मला सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो सिलिकॉन ब्राँझवर. यात सुमारे 96 टक्के तांबं, 3 टक्के सिलिकॉन आणि थोडं मँगनीज असतं. जस्त जवळपास नसल्यामुळे पितळेचा रोग याला होत नाही. बळकटी तांब्यापेक्षा बरीच जास्त, आणि ओल्या, हवाबंद लाकडातही हा धातू आपला गुण सोडत नाही. अडचण दोन: महाग आहे, आणि आपल्याकडच्या किरकोळ दुकानांत हातोहात मिळत नाही, मागवावा लागतो. दुकानदार गनमेटल पुढे करेल. गनमेटल हा चांगला धातू आहे, पण तो ओतकामाचा, म्हणजे व्हॉल्व्ह, होडीच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) बुश, पाइपाची तोंडं यांसाठी. स्क्रूसाठी तो नव्हे.

मोनेल, म्हणजे साधारण दोन तृतीयांश निकेल आणि उरलेलं मुख्यतः तांबं, हा याहूनही टिकाऊ आहे. किमतीमुळे तो दोन-चार मोक्याच्या बोल्टांपलीकडे कुणी वापरत नाही.

स्टेनलेसचं खरं काय

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन क्रोमियमला मिळाला की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन असेल तर तो लगेच भरून येतो. सगळी मदार या पापुद्र्यावर आहे, आणि पापुद्र्याची मदार ऑक्सिजनवर.

पाण्याखालच्या फळीत स्क्रूच्या आट्यांमध्ये पाणी शिरतं, पण ते वाहत नाही. तिथला ऑक्सिजन संपतो, नवा येत नाही. मीठ मात्र साठत जातं आणि पाणी आम्लधर्मी होतं. पापुद्रा तुटला की भरून निघत नाही. मग त्या छोट्याशा उघड्या जागेभोवतीचा उरलेला सगळा स्क्रू वाचणारा धातू ठरतो आणि उघडी जागा झिजणारी. क्षेत्रफळाचा मघाचा नियम इथे एकाच स्क्रूच्या अंगात लागू होतो. खोल, अरुंद खड्डा पडत जातो आणि स्क्रू बहुतेक फळी-बरगडीच्या सांध्याजवळ तुटतो.

304 आणि 316 यांतला फरक याच ठिकाणी कळतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये त्याशिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम, आणि हेच मॉलिब्डेनम मिठाच्या माऱ्यात पापुद्रा टिकवायला मदत करतं. समुद्राजवळ 304 वर तपकिरी डाग लवकर पडतात. म्हणून डेकच्या वर घ्यायचं तर 316 घ्यावं. पाण्याखाली, लाकडात, 316 सुद्धा माझ्या मते नको. खालून वर आरपार जाणारा, दोन्हीकडून सील केलेला आणि अधूनमधून काढून बघता येणारा बोल्ट असेल तर तेवढा अपवाद.

डेकच्या वर असूनही धोका असलेली एक जागा आहे: शिडाच्या डोलकाठीचे ताण धरणाऱ्या पट्ट्या डेकमधून खाली उतरतात ती. तिथला सील सुटला की पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, आणि नेमकं डेकच्या जाडीत स्टेनलेस खाल्लं जातं. अशी पट्टी वरून कितीही सुंदर दिसली तरी जुन्या शिडाच्या होडीत ती बाहेर काढून, भिंगाने बघून मगच परत बसवावी. डोलकाठी कोसळणं हा जिवावरचा प्रसंग असतो.

आधी होडीला विचारा

आता मूळ प्रश्नाकडे. समजा होडी लोखंडी खिळ्यांची आहे आणि त्यातले शे-दीडशे गेले आहेत. मालक विचार करतो, एवढे तरी चांगल्यातले, ब्राँझचे घालू. नवे खिळे छान राहतात. ओल्या लाकडातून आणि होडीच्या तळात साचलेल्या पाण्यातून ते जुन्या लोखंडाशी जोडले जातात, आणि जिथे दोन्ही जवळजवळ आहेत तिथे उरलेलं चांगलं लोखंड पूर्वीपेक्षा लवकर जायला लागतं. थोडीशी सुधारणा करायला जाऊन उरलेली होडी आपणच अशक्त करतो. म्हणून लोखंडी खिळ्यांच्या होडीची अर्धवट दुरुस्ती हॉट डिप केलेल्या लोखंडी खिळ्यांनीच करावी. ब्राँझकडे जायचं तर पाण्याखालचं लोखंड पूर्ण काढून जायचं. तांबं किंवा ब्राँझ असलेल्या होडीत लोखंड तर अजिबात नको, तात्पुरतं सुद्धा. तात्पुरता खिळा कायमचा राहून जातो, हे दुरुस्तीच्या कामात सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणजे आधी आत काय आहे ते बघायला हवं. मासेमारीबंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्याआधीचे कोरडे आठवडे तपासणीला चांगले. काही खिळे प्रत्यक्ष उपटून बघण्याला पर्याय नाही. कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या मुख्य लाकडाला, लागून असलेल्या पहिल्या फळीतले, पाण्याच्या रेषेवरचे, नाळेकडचे म्हणजे पुढच्या टोकाचे आणि मागच्या टोकाचे, असे वेगवेगळ्या जागचे काढा, कारण एका जागचा चांगला निघाला म्हणून सगळे चांगले असं ठरत नाही. इंजिनाच्या खालचा भाग विसरू नका. तिथे उष्णता, तेल, पाणी आणि वीज सगळं एकत्र असतं. खिळ्याचं डोकं आणि टोक ठीक दिसलं तरी मधला भाग मोजा. सांध्याच्या जागी कंबर बारीक झालेली असते. कुठून काढला त्याची चिठ्ठी बांधून प्रत्येक खिळा ठेवून द्या, आणि कानसीने घासून व चुंबक लावून तो लोखंड, पितळ, ब्राँझ यांतला कुठला आहे ते लिहून ठेवा. जुन्या होडीवर तीन-चार पिढ्यांच्या दुरुस्त्या झालेल्या असतात, आणि प्रत्येकाने हाताला लागेल ते मारलेलं असतं.

बाजारात गेल्यावर

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नट-बोल्टची हवी ती जात मिळते, आणि नकोशी जातही त्याच चमकेने मिळते. स्टेनलेस म्हणून विकलं जाणारं बरंचसं 202 जातीचं असतं. त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. स्वयंपाकघरात ते चालून जातं, समुद्रावर पहिल्या पावसाळ्यातच तांबूस पडतं. चुंबकाने याची पारख होत नाही. 202, 304, 316 तिन्ही चुंबकाला फारसे धरत नाहीत, आणि थंड ठोकून बनवलेला अस्सल 316 चा स्क्रूसुद्धा थोडासा ओढला जाऊ शकतो. बोल्टच्या डोक्यावरची खूण बघा. ए2 म्हणजे 304 च्या घरातलं, ए4 म्हणजे 316 च्या. पुढचे 70 किंवा 80 हे आकडे ताकद सांगतात. खूण नसेल किंवा शंका असेल तर मॉलिब्डेनम ओळखणारं द्रावण मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की 316 वर वेगळा रंग उमटतो. मोठी खरेदी असेल तर कारखान्याचं तपासणी प्रमाणपत्र मागायला संकोच नको. जहाजं तोडणाऱ्या यार्डांतून आलेले जुने बोल्ट स्वस्त आणि दणकट दिसतात, पण त्यांनी आधी किती वर्षं समुद्र खाल्ला हे बाहेरून कळत नाही. पाण्याखाली ते लावू नयेत.

मारताना

धातू बरोबर निवडला आणि भोक चुकीचं पाडलं तर सगळं पाण्यात. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या साधारण दोन ते अडीचपट घ्यावी, म्हणजे बरगडीत पुरेशी पकड मिळते. ड्रिल असो की गिरमिट, भोक दोन मापांचं पाडायचं: फळीत स्क्रूच्या अंगाएवढं, बरगडीत आट्यांच्या आतल्या गाभ्याएवढं. कठीण लाकडात सिलिकॉन ब्राँझचा स्क्रू थेट घुसवला तर त्याची मान तुटते, तो मऊ आहे. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा, मग ब्राँझचा मेण लावून हाताने बसवायचा. साबण लावू नये, तो ओल धरून ठेवतो.

जुन्या भोकात नवा खिळा मारताना घाई नको. लाकूड टणक असेल तर एक माप जाड स्क्रू चालतो. काळं, मऊ असेल तर चांगलं लाकूड लागेपर्यंत भोक मोठं करा, त्यात त्याच लाकडाची खुंटी इपॉक्सीने बसवा आणि नवा स्क्रू थोडा बाजूला मारा. तेही फार वेळा केलं तर बरगडीची चाळण होते. अशा बरगडीला शेजारी नवी जोडबरगडी द्यावी किंवा ती सरळ बदलावी. खिळे दुप्पट करून कुजलेली बरगडी धरून ठेवता येत नाही.

स्क्रूचं डोकं फळीत थोडं खोल बसवून वर लाकडी बूच घालतात. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवा, नाहीतर पहिल्या उन्हात ते सुटतं. बूच इपॉक्सीने पक्कं चिकटवू नका, वार्निश किंवा रंगाने बसवा, म्हणजे पुढच्या माणसाला स्क्रू काढता येईल.

स्टेनलेसच्या नट-बोल्टचा एक त्रास वेगळाच. घाईने, यंत्राने आवळला की नट मध्येच घट्ट धरून बसतो, पुढे जात नाही आणि मागेही येत नाही, शेवटी कापावा लागतो. आट्यांना ग्रीस किंवा लॅनोलिन लावून पान्याने सावकाश आवळला तर हे होत नाही. वायसर बोल्टच्याच धातूचं घ्यायचं. चांगल्या 316 च्या बोल्टखाली जीआयचं वायसर घालणारे पुष्कळ आहेत, आणि पहिलं गंजून जातं ते तेच. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू मारणं टळत नाही. तिथे मध्ये नायलॉनचं वायसर आणि आट्यांना जाडसर पेस्ट हवीच, नाहीतर स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमून अॅल्युमिनियम फुगायला लागतं.

जस्ताचा ठोकळा आणि वीज

ज्या धातूला झिजायचं आहे त्याला मुद्दाम पुढे करायचं, ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराला सुचवली. तांब्याच्या तळाला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले की तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबं विषारी असल्यामुळेच तळाला शेवाळ आणि शिंपले धरत नव्हते; झीज थांबली तसे ते दाट धरू लागले आणि आरमाराला बेत सोडावा लागला. आज पंख्याच्या दांड्यावर आणि सुकाणूवर आपण जो जस्ताचा ठोकळा लावतो तो याच युक्तीचा. त्याला रंग लावू नये, लावला तर तो काम करत नाही, आणि निम्मा संपला की बदलावा.

लाकडी होडीत मात्र जस्त जितकं जास्त तितकं चांगलं, हे खरं नाही. जस्त जास्त असेल किंवा सगळे धातू तारेने एकमेकांना जोडून जस्ताला बांधलेले असतील, तर वाचणाऱ्या धातूभोवती मघाशी सांगितलेली अल्कली जास्त तयार होते. पाण्याखालच्या बोल्टभोवती आतल्या बाजूने पांढरी, मऊ भुकटी जमलेली दिसली आणि लाकूड तंतू-तंतू सुटायला लागलं, तर तो बोल्ट सुरक्षित आहे आणि लाकूड जातं आहे. अशा वेळी जस्त कमी करायचं. जिथे खरोखर गरज आहे, म्हणजे पंखा, दांडा आणि सुकाणू, तिथेच ते ठेवायचं.

बॅटरीची वीज याहून घातक असते. दोन धातूंमधला दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास, बॅटरीचा 12 व्होल्ट. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची एखादी तार सोललेली असेल आणि ती साचलेल्या पाण्यात लोंबकळत असेल, तर जवळचा बोल्ट वर्षांत नाही, आठवड्यांत खलास होऊ शकतो, मग तो कुठल्याही धातूचा असो. तारांचे जोड पाण्याच्या वर, बंद डबीत घ्या, आणि होडी लावून घरी जाताना मुख्य स्विच बंद करा.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर कुठल्या फळीत कोणत्या धातूचे, किती मापाचे खिळे आहेत याचा साधा आराखडा एका वहीत काढा आणि ती वही होडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. एक हंगाम झाल्यावर होडी वर घ्याल तेव्हा कण्याजवळच्या फळीतला एक आणि इंजिनाखालचा एक असे दोन नवे स्क्रू काढून बघा. आटे धारदार असतील आणि भोकातलं लाकूड कोरडं, टणक असेल तर तेच स्क्रू मेण लावून परत बसवा आणि वहीत तारीख टाका.